शोध सरांचा, कंपनी कुणाची?

रात्री अकराला सेन्सर लॅबमधून कांद्याचा वास येतो, अशी तक्रार बॉईज हॉस्टेलवरून दोन वर्षं चालू आहे. तो वास आमचाच! त्याबद्दल आधी सगळ्यांची माफी मागतो, आणि मग त्या वासातून पुढे काय निघालं ते सांगतो.

आमच्या गाईड सरांनी सहा वर्षं खपून एक सेन्सर बनवला आहे. चाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की त्यातून काही वायू बाहेर पडतात. आपल्या नाकाला वास येईपर्यंत बराचसा कांदा हातचा गेलेला असतो. सरांचा सेन्सर त्याच्या आधी सांगतो, की अमुक कप्प्यात गडबड आहे, तेवढाच उपसा. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तो माझ्या चुलत्यांच्या चाळीत बसवला. जुलैत त्याने एक कप्पा दाखवला. काका म्हणाले, "काही नाही रे, चांगलाय कांदा." उपसून बघितलं तर खालच्या थराला पाणी सुटलेलं! तेव्हापासून काका गावभर सांगत सुटले, की आमच्या पोराने कांद्याचा डॉक्टर आणलाय.

मग सर म्हणाले, "आता कंपनी काढू या." इन्क्युबेशन सेलमधून फॉर्म आणला. दुसऱ्या पानावर एक रकाना होता : 'मुख्य कार्यकारी अधिकारी'. म्हणजे सीईओ. सरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

त्या एका रकान्यात काय लिहायचं, या प्रश्नावर पुढचे चार महिने गेले. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं ते इथे मांडतो. कारण आपल्या कॉलेजात असे सेन्सर, असे पंप, असे प्रोग्रॅम बऱ्याच लॅबमध्ये धूळ खात पडले आहेत. शोध लागलेला असतो. तो विकायला नेणारा माणूस मिळालेला नसतो.

सर स्वतःच का नाही?

पहिला विचार सगळ्यांच्या मनात हाच येतो. ज्याचा शोध त्याची कंपनी, मग बॉसही तोच. पण जरा बघा. सरांना आठवड्याला सोळा तास लेक्चर-प्रॅक्टिकल, दोन पीएच.डी.चे विद्यार्थी, वर नॅकच्या फायली. कंपनी म्हणजे रोज कुणाला तरी फोन करून पैसे मागणं, माल वेळेत पोचला का ते बघणं, नको असलेल्या माणसाला काढणं. हे संध्याकाळी पाचनंतर करायचं काम नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. चांगल्या संशोधकाला काम कधी पुरं झालं असं वाटतच नाही. आमचे सर आजही म्हणतात, "अजून एक वायू मोजता आला पाहिजे." धंदेवाल्याला मात्र आहे ते विकायचं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण एकाच डोक्यात ही दोन माणसं सहसा राहत नाहीत.

मग विद्यार्थ्याला बसवा खुर्चीत! म्हणजे मला. खरं सांगतो, दोन दिवस मला फार बरं वाटलं. व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं तेही ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये रूममेटने विचारलं, "जीएसटी भरता येतो का तुला?" असो.

परदेशात या प्रश्नावर एक उपाय रुळलेला आहे. शोध विद्यापीठातला, पण कंपनी चालवायला बाहेरून अनुभवी माणूस आणायचा. अभ्यासक अशा माणसाला 'सरोगेट आंत्रप्रेन्युअर' म्हणतात. मी आपला त्याला 'उसना कप्तान' म्हणतो.

तीन खऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट 1976 सालची. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट बोयर नावाचे प्राध्यापक होते. जीवाणूत बाहेरचा जीन घालून त्याच्याकडून हवं ते प्रथिन तयार करून घ्यायचं, या तंत्राचे ते एक जनक. व्हेंचर कॅपिटलमध्ये काम केलेला बॉब स्वान्सन नावाचा 28 वर्षांचा तरुण त्यांना फोन करतो आणि भेट मागतो. बोयर दहा मिनिटं देतात. दहा मिनिटांची भेट तीन तास चालते. दोघं 500-500 डॉलर घालतात आणि जेनेनटेक ही कंपनी उभी राहते.

स्वान्सन वयाने लहान होता, त्याने आधी कंपनीही काढली नव्हती. पण नव्या कंपन्यांना पैसा कसा मिळतो हे त्याने आतून पाहिलं होतं, शिवाय एमआयटीत रसायनशास्त्र शिकला होता. पहिलं औषध इन्सुलिन करू या, असा त्याचा आग्रह होता, कारण त्याला गिऱ्हाईक शोधायला लागणार नव्हतं. शास्त्रज्ञ म्हणाले, थांब, आधी सोमॅटोस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन करून बघू, ते जमलं तर पुढे. स्वान्सनला हे फारसं पटलं नव्हतं, पण त्याने ऐकलं. 1977 मध्ये ते जमलं, 1978 मध्ये इन्सुलिन जमलं आणि 1982 मध्ये ते एली लिली कंपनीमार्फत बाजारात यायला मंजुरी मिळाली. काय विकायचं ते कप्तानाने ठरवलं, कोणत्या पायऱ्यांनी जायचं ते शास्त्रज्ञांनी. बोयर शेवटपर्यंत विद्यापीठात प्राध्यापकच राहिले, हे विशेष.

दुसरी गोष्ट एमआयटीची. टॉम लेटन हे गणिताचे प्राध्यापक आणि डॅनी लेविन हा त्यांचा विद्यार्थी. इंटरनेटवर गर्दी झाली की वेबसाईट बसते, त्यावर त्यांनी गणिती उपाय काढला. 1998 साली ते एमआयटीच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत उतरले, अंतिम फेरीत गेले आणि हरले! तरी कंपनी काढलीच. तीच अकामाई. 1999 च्या एप्रिलमध्ये त्यांनी जॉर्ज कॉनरेड्स यांना सीईओ म्हणून आणलं. हे गृहस्थ तीसेक वर्षं आयबीएममध्ये मोठ्या पदांवर होते, नंतर बीबीएन कंपनीचे प्रमुख होते. ते आले कुठून? अकामाईत पैसा घालणाऱ्या एका व्हेंचर फंडात ते भागीदार होते. म्हणजे पैसा आणि कप्तान एकाच दाराने आले. लेटन मुख्य शास्त्रज्ञ म्हणून राहिले. 11 सप्टेंबर 2001 च्या विमान हल्ल्यात डॅनी लेविन गेला, डॉट-कॉमचा फुगा फुटून शेअर कोसळला, तरी कंपनी टिकली. आणि गंमत म्हणजे 2013 साली लेटन स्वतः सीईओ झाले. प्राध्यापकाला खुर्ची मिळाली, पण चौदा वर्षं शेजारी बसून शिकल्यावर!

तिसरी गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. गूगलचं शोधतंत्र स्टॅनफर्डमध्ये जन्मलं, त्याचं पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं. 1999 मध्ये दोन फंडांनी मिळून अडीच कोटी डॉलर घातले, पण अट घातली, की अनुभवी सीईओ आणायचा. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना एकही उमेदवार पसंत पडेना. शेवटी 2001 साली एरिक श्मिट आले. ते नोव्हेल कंपनीचे सीईओ होते, त्याआधी सन मायक्रोसिस्टीम्समध्ये तंत्रज्ञान प्रमुख. पहिल्या भेटीत या पोरांनी त्यांच्याशी तांत्रिक मुद्द्यावर कडाडून वाद घातला आणि त्यांनीही तोडीस तोड घातला. बहुधा तिथेच जमलं. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, पेज पुन्हा सीईओ झाला. विद्यापीठाला पेटंटच्या बदल्यात शेअर मिळाले होते, ते 2005 मध्ये विकून सुमारे 33 कोटी 60 लाख डॉलर आले.

या तिन्हींत मला एक गोष्ट सारखी दिसली. यातलं कुणीही पेपरात जाहिरात देऊन आलं नाही. एकाने स्वतः फोन केला, एकाला गुंतवणूकदाराने जोडलं, एकाला दीड-दोन वर्षं शोधावं लागलं. लग्न जमवण्यासारखंच आहे हे. पत्रिका जुळणं वेगळं आणि घरात पटणं वेगळं.

आपल्याकडे

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चार प्राध्यापकांनी 2000 साली स्ट्रँड जीनोमिक्स ही कंपनी काढली. इथे बाहेरचा कप्तान न आणता त्यांच्यातल्याच विजय चंद्रू यांनी अनेक वर्षं नेतृत्व केलं. कंपनीने वाट बदलली, सॉफ्टवेअरकडून तपासण्यांकडे वळली आणि टिकली. 2021 मध्ये रिलायन्सने तिचा मोठा हिस्सा घेतला. म्हणजे प्राध्यापक कप्तान होऊच शकत नाही असं नाही. पण मग त्याला वर्षानुवर्षं कंपनीचंच व्हावं लागतं.

याच मंडळींचा 'सिम्प्युटर'मध्येही मोठा हात होता. गरिबांसाठी स्वस्त, हातात मावणारा संगणक. 2001 साली जगभर कौतुक झालं. 2004 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो 'अमिडा' या नावाने बाजारात आणला, पण खप काही हजारांच्या आसपासच घुटमळला. कारणं अनेक होती. किंमत, सरकारी ऑर्डरी न येणं, तोवर मोबाईल आलेला. पण इंजिनियर म्हणून मला त्यातून एक धडा दिसतो. यंत्र चांगलं असणं आणि ते कुणीतरी खिशातून पैसे काढून घेणं, यांच्यामध्ये एक मोठा नाला असतो. त्यावर पूल बांधायचं काम यंत्राचं नाही, माणसाचं आहे.

आणि अनुभवी माणूस आणला की झालंच, असंही समजू नका. एमआयटीतल्या संशोधनातून 2001 साली निघालेली ए123 सिस्टीम्स ही बॅटरीची कंपनी. सोबत अनुभवी उद्योजक, अनुभवी सीईओ, अध्यक्षपदी सायकामोर नेटवर्क्सचे गुरुराज देशपांडे. 2009 मध्ये शेअर बाजारात धडाक्यात आली आणि 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. कप्तान चांगला असला तरी समुद्र त्याच्या हातात नसतो.

ही माणसं येत का नाहीत?

आम्ही चार-पाच जणांना विचारलं, नकार गोळा केले. त्यांची कारणं अशी :

एक, माल कच्चा. "लॅबमध्ये चालतं, बाहेर चालवून दाखवा." यात त्यांचं चूक काही नाही.

दोन, हक्काचा घोळ. पेटंट कॉलेजचं, सरांचं की विद्यार्थ्याचं? हे कागदावर नसेल तर शहाणा माणूस वर्षाची मेहनत घालत नाही. शिवाय सरांनी आधी पेपर छापला आणि मग पेटंटचा अर्ज केला, तर नवेपणाच जातो. आधी अर्ज, मग पेपर!

तीन, पगार नाही. पन्नाशीतल्या माणसाला मुलांची शिक्षणं असतात. त्याला हिस्सा हवा, आणि तो नावाला नको.

चार, सगळ्यांत मोठं आणि कुणी तोंडावर न बोलणारं : "सर सोडणार नाहीत." म्हणजे बोलावतील मला, पण प्रत्येक निर्णय लॅबमधूनच होईल.

शोधायचं कुठे?

एमआयटीने 2000 साली व्हेंचर मेंटॉरिंग सर्व्हिस सुरू केली. अनुभवी उद्योजक फुकट वेळ देतात आणि सल्ल्याच्या बदल्यात हिस्सा मागत नाहीत. 2002 साली तिथेच देशपांडे दांपत्याच्या देणगीतून देशपांडे सेंटर झालं. संशोधन अजून लॅबमध्ये असतानाच ते अनुदान देतात आणि त्याला बाहेरचा एक जाणता माणूस जोडतात. मला यातली युक्ती आवडली. कंपनी झाल्यावर कप्तान शोधायचा नाही. कंपनी व्हायच्या आधीच जाणत्या लोकांना लॅबमध्ये येऊ-जाऊ द्यायचं. येता-जाता त्यातल्या एखाद्याचं मन गुंततं.

आपल्याकडेही आयआयटी मुंबईत 'साईन' 2004 पासून आहे, पुण्यात एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. तिथल्या कार्यक्रमांना कुणीही अर्ज करू शकतं. पण त्याही आधी स्वतःच्या घरात बघा. माजी विद्यार्थ्यांचं रजिस्टर उघडा. आपण ते फक्त गॅदरिंगच्या देणगीसाठी उघडतो! त्यात मोठ्या कंपनीचे व्हाईस प्रेसिडेंट शोधू नका. पाचशे माणसं हाताखाली असणाऱ्याला झेरॉक्स स्वतः काढायची सवय राहिलेली नसते. ज्याने शून्यापासून वीस-तीस माणसांचा धंदा उभा केला, एकदा आपटला, पुन्हा उठला, तो शोधा. आणि होकार देण्याआधी त्याच्या जुन्या कामगारांना, माल पुरवणाऱ्यांना गाठा. पैसे वेळेवर द्यायचा का, एवढं एकच विचारा.

हिश्शाचं गणितही शिकून घ्या. आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी (नाव नको) पहिल्याच चहाला निम्मी कंपनी मागितली. सर भिडस्त, हो म्हणायच्या बेतात होते. यावर जगभर वापरला जाणारा तोडगा आहे 'व्हेस्टिंग'. हिस्सा ठरवायचा, पण तो चार वर्षांत थोडा थोडा पिकतो. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत माणूस गेला तर काहीच मिळत नाही. सालगड्याला वर्षाचं धान्य पाडव्यालाच मोजून देत नाहीत, तसंच हे. आम्ही ही अट सांगितली आणि ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. बरंच झालं.

काटेवाले काका

शेवटी रजिस्टरमधूनच एक नाव सापडलं. आपल्याच कॉलेजचे, फार जुन्या बॅचचे. नाशिकच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचा कारखाना पंचवीस वर्षं चालवला आणि विकला. त्यांचे काटे कितीतरी बाजार समित्यांत आहेत, म्हणजे कांद्याचा व्यापारी त्यांना नावाने ओळखतो. आम्ही पोरांनी त्यांचं नाव 'काटेवाले काका' ठेवलं.

ते आले, लॅबमध्ये स्टुलावर बसले. सरांनी अर्धा तास सेन्सर समजावला. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पैसे कोण देणार?"

"शेतकरी," सर म्हणाले.

"कधी? चाळ भरतो एप्रिल-मेमध्ये. पैसा हातात येतो कांदा विकल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुमचं यंत्र त्याला मेमध्ये पाहिजे, तेव्हा खिसा रिकामा. विकू नका, भाड्याने द्या. भाडं कांदा विकल्यावर."

सहा वर्षांत आमच्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी तर शेतकऱ्याच्या घरचा, मलाही नाही.

मग दुसरा प्रश्न. "पावसाळ्यात हवा दमट. सेन्सर किती दिवसांत चुकायला लागतो?" सर म्हणाले, महिन्या-दीड महिन्याने कॅलिब्रेशन लागतं. "मग ऑगस्टात चिखलातून चाळीवर कोण जाणार? हा?" म्हणून माझ्याकडे बोट. मी पुन्हा पंख्याकडे.

तिसरा प्रश्न त्यांनी उठताना विचारला. "सर, माझं-तुमचं पटलं नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा?"

लॅबमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. सर सेन्सरची पेटी उघडझाप करत राहिले. सहा वर्षांच्या रात्री त्या पेटीत होत्या. मला तेव्हा कळलं, की कप्तान मिळत नाही ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे, जहाज बांधणाऱ्याला सुकाणू सोडवत नाही.

आठवड्याने सरांनीच फोन केला. ठरलं ते असं : सेन्सर काय करू शकतो आणि काय नाही, यात शेवटचा शब्द सरांचा. ते खोटं बोलून विकायचं नाही. कुणाला, कितीला, कधी विकायचं, यात शेवटचा शब्द काकांचा. सहा महिने काका आठवड्यातून दोन दिवस येणार, पद नाही, हिस्सा नाही, फक्त प्रवासखर्च. दोघांना जमलं तर हिश्शाचा कागद, नाही तर हात जोडून मोकळे. पहिलं काम पंधरा चाळी भाड्याने मिळवणं. दुसरा वायू तूर्त कपाटात.

पहिल्या महिन्यात दोनदा भांडण झालं. एकदा सर दोन दिवस बोलले नाहीत. पण आजवर नऊ चाळी लिहून झाल्या आहेत, आणि त्यातल्या एकीही मालकाला मी किंवा सर ओळखत नव्हतो.

फॉर्ममधला तो रकाना सध्या पेन्सिलीने भरलाय. माझ्या हातात पुण्याच्या नोकरीचं पत्र आहे, जुलैत रुजू व्हायचं. काका म्हणतात, "जा, तीन वर्षं दुसऱ्याच्या पैशाने शिकून ये." सर म्हणतात, "ऑगस्टचं कॅलिब्रेशन कोण करणार?" मी अजून ठरवलेलं नाही.

तुमच्या लॅबमध्ये असं काही धूळ खात असेल, तर एक करा. पेटंटचा अर्ज झाल्यावर, यंत्र पुरं व्हायची वाट न बघता, एका धंदेवाल्याला चहाला बोलवा आणि त्याला प्रश्न विचारू द्या. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी आपसांत ठरवून ठेवा.

वासाबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व. मेपासून तो नऊ चाळींत विभागला जाईल.

— अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन